चिठ्ठी नसलेली केबल

आमच्या सरांना गाठायचं असेल तर त्यांच्या टेबलापाशी थांबून उपयोग नसायचा. खुर्चीत त्यांचा जेवणाचा डबा बसलेला असायचा आणि ते स्वतः अंबरनाथच्या त्या रंगाच्या कारखान्यात कुठेतरी हिंडत असायचे. कपाटं उघडत, वायरी हाताळत, भिंतीला कान लावल्यासारखे उभे राहत. शिपायाला विचारलं तर तो म्हणायचा, "आत्ता इथंच होते की." स्टोअरमध्ये विचारलं तरी हेच, कॅन्टीनमध्ये विचारलं तरी हेच. सर कायम 'आत्ता इथंच' असायचे.

मी जवळच्याच जांभूळ गावची. डिप्लोमा झाल्या झाल्या त्या कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात लागले. विभाग म्हणजे सर आणि मी. कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडून ठेवायचे आणि जोडलेले राहतील असं बघायचं, हे आमचं काम. पहिल्या दिवशी सरांनी माझं नाव विचारलं नाही, मार्क विचारले नाहीत. जिन्याखालच्या एका लोखंडी डब्यापाशी नेलं, त्यात हिरवे दिवे लुकलुकत होते, आणि म्हणाले, "हा बंद पडला तर कोण कोण बंद पडेल?"

"माहीत नाही, सर."

"मग आज तेवढंच शोध." आणि गेले. मला संध्याकाळचे साडेपाच वाजले.

'आणि हे तुटलं तर?' हा त्यांचा प्रश्न. दिवसातून तीसदा तरी असेल. वायरीबद्दल विचारायचे ते ठीक, पण ते लिफ्टच्या दोरीबद्दल विचारायचे, बसच्या स्टिअरिंगबद्दल विचारायचे. अकाउंट्समधल्या एकाच्या मुलाच्या लग्नात, बदलापूरला, सगळे अक्षता टाकून पंगतीकडे वळले तेव्हा सर मुदपाकखान्यातून बाहेर आले आणि नवरदेवाच्या वडिलांना हळूच म्हणाले, "एकच आचारी आहे. त्याला आज ताप आला असता तर?" त्या बिचाऱ्यांच्या हातातला पानाचा विडा तसाच राहिला.

घरी, बदलापूरच्या मांजर्लीत, ते आणि त्यांची आई. मांजर्लीहून अंबरनाथला ते स्कूटरवरून यायचे, पण लागोपाठ दोन दिवस एका रस्त्यानं नाही. एक दिवस हायवेनं, एक दिवस आमच्या जांभूळच्या अंगानं, एक दिवस कुठल्या कुठे वळसा घालून. मी म्हटलं, "सर, रस्ते तर माहीतच आहेत ना तुम्हाला?" म्हणाले, "माहीत असून भागत नाही. पायाखालचे असावे लागतात."

आणि चिठ्ठ्या. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना कागदाची बारीक चिठ्ठी, वरून पारदर्शक टेप, तिरक्या अक्षरात नंबर: कुठून निघाली, कुठे गेली. चिठ्ठी नसलेली वायर त्यांना बघवत नसे. मला सांगायचे, "लोंबकळणारी वायर दिसली की समजायचं, कुणाचं तरी काम अडलंय. तशी सोडून पुढे जायचं नाही." मी एकदा त्यांच्या घरी गेले होते, तर तिथंही तेच. मिक्सरच्या वायरीला चिठ्ठी, फ्रिजच्या वायरीला चिठ्ठी, टीव्हीच्या मागे तर चिठ्ठ्यांचा गुच्छ. त्यांच्या आई मला चहा देत म्हणाल्या, "आता माझ्या कपाळावर तेवढी लावायची राहिलीय."

त्यांची ही धास्ती कुठून आली, हे मी त्यांच्या आईलाच विचारलं. त्या म्हणाल्या, तो लहानपणापासून असाच आहे, पण पुराच्या साली जास्त झालं. उल्हास नदीचं पाणी सोसायटीत शिरलं त्याच्या आदल्या वर्षी सरांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं की सगळ्या घरांचे मीटर तळमजल्यावर एका पेटीत आहेत, ते वर घ्या. लोक हसले होते. मग पाणी आलं, ती एक पेटी बुडाली आणि चार मजल्यांवर आठ दिवस अंधार. "मग कुणी हसलं नाही," आई म्हणाल्या, "पण तू बरोबर होतास असंही त्याला कुणी म्हटलं नाही. तेव्हापासून हा विचारून थांबत नाही. विचारतो आणि स्वतःच करून टाकतो."

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं.

सर या धंद्यात शिरले ते उल्हासनगरात, एका सिंधी शेठच्या जीन्स शिवायच्या कारखान्यात. तिथे एकच जाड काळी केबल या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेली आणि सगळे कॉम्प्युटर तिलाच लटकलेले. झाडूवाल्या बाईचा झाडू केबलच्या टोकाला लागला की सगळेच्या सगळे ठप्प. सरांनी शेठना समजावलं, "शेठ, इसको बस टोपोलॉजी बोलते हैं, ये बदलना पडेगा." शेठ म्हणाले, "साईं, बस चाहिए तो विठ्ठलवाडी डेपो में जाओ. मेरे को माल भेजना है." ही गोष्ट सर हसत सांगायचे, पण सांगताना बोटांनी टेबलावर ती केबल आखत असायचे, आणि ती कुठे तुटेल तिथे बोट थांबायचं.

मग आली चांदणीसारखी जोडणी. मधे एक डबा, स्विच म्हणतात त्याला, आणि प्रत्येकाची वायर त्या डब्यात. एकाची तुटली तर एकच बंद. सगळं जग यावर खूश आहे. सर नव्हते. "आणि तो डबाच गेला तर?" त्यांच्या मनात होती ती रिंग. वायर गोल फिरवून परत पहिल्याशी आणायची. एका जागी तुटली तर निरोप उलट्या बाजूनं जाईल.

"मग आपण रिंगच का नाही करत?" मी विचारलं.

"कारण आपले डबे साधे आहेत," ते म्हणाले. "मधल्या सुट्टीत ये, दाखवतो."

कॅन्टीनमध्ये त्यांनी आम्हां आठ जणांना गोल उभं केलं. त्यात रिअ‍ॅक्टरवरचे काका होते. रिअ‍ॅक्टर म्हणजे रंग शिजवायची दोन मजली बंद भांडी. काका त्यांचे ऑपरेटर, विठ्ठलवाडीला चाळीत राहणारे, रिटायरमेंटला तीन वर्षं उरलेली. सरांनी प्रत्येकाला कोऱ्या कागदाचे कपटे आणि पेन्सिल दिली. नियम सांगितला: शेजाऱ्याकडून निरोप आला की त्याची नक्कल करायची आणि पुढे द्यायची, आपण आधी पाहिलाय की नाही हे बघायचं नाही. मग काकांच्या हातात पहिली चिठ्ठी दिली: 'चहा झाला.' काकांनी दोन नकला करून दोन्हीकडे दिल्या. मिनिटभरात चिठ्ठ्या फिरून परत काकांकडे. त्यांनी पुन्हा लिहिल्या. तिसऱ्या मिनिटाला आमच्या हातात मावेनात, खाली पडायला लागल्या, कुणी कुणाचं ऐकेना, आणि काका ओरडले, "अरे, पण चहा कुठाय?"

हशा पिकला. सर हसले नाहीत. "असं होतं," ते म्हणाले. "साध्या डब्यांची रिंग पूर्ण केली की निरोप फिरत राहतो. थांबतच नाही. शेवटी सगळे फक्त तोच एक निरोप फिरवत बसतात आणि कामाचं काही पोचत नाही. म्हणून एक जागा तोडून ठेवायची. गरज पडली तरच जोडायची."

त्याच वर्षी नवा प्लांट सुरू झाला. चार नवे रिअ‍ॅक्टर, आणि त्यांचं तापमान, दाब सगळं जुन्या इमारतीतल्या कंट्रोल रूमच्या पडद्यावर दिसायचं. दोन इमारतींच्या मधे गटाराच्या कडेनं एकच केबल. सरांनी पहिल्या दिवसापासून लकडा लावला: दुसरी लाईन हवी, शहाणे स्विच हवेत. प्लांट मॅनेजर म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." सरांनी पत्र दिलं. उत्तर तेच: पुढच्या वर्षी. पुन्हा पत्र. शेवटी मॅनेजर वैतागून म्हणाले, "तुम्ही ना, अपशकुनी माणूस आहात. चालतंय ना? चालू द्या."

त्यानंतर सर आठवडाभर एका जागी दहा सेकंद थांबले नाहीत. जेवतानाही चालत. त्या गटाराच्या कडेला जाऊन उभे राहायचे, केबलकडे बघायचे, परत यायचे. कुणी खणलं तर? उंदीर लागला तर? मी कंटाळून म्हटलं, "सर, जाऊ द्या ना आता." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला नव्या प्लांटमधला प्रिंटर चालत नाही म्हणून फोन आला. सर जागेवर नव्हते, अर्थात. मी गेले. तिथलं कपाट उघडलं तर आत एक निळी केबल लोंबकळत होती. टोकाला चिठ्ठी नव्हती. तिच्या शेजारीच स्विचमध्ये एक भोक रिकामं. मला वाटलं, हीच प्रिंटरची असणार, निसटलीय. मी लावली. सरांनी शिकवल्याप्रमाणे अडलेलं काम मोकळं केलं असंच मला वाटलं. हिरवा दिवा लागला. मी खूश.

मग शेजारचा दिवा लुकलुकायला लागला. मग त्याच्या शेजारचा. दोन-तीन श्वासांत त्या स्विचवरचे सगळे दिवे एकदम, एका तालात, वेड्यासारखे लुकलुकत होते. कपाटाशेजारचा फोन वाजला. कंट्रोल रूममधून कुणीतरी ओरडत होतं, "पडदे अडकले! सगळे पडदे अडकले!"

 मी स्विच बंद केला, चालू केला, प्रिंटर बंद केला. त्या निळ्या केबलचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आता हे सांगताना लाज वाटते. दोन मिनिटांपूर्वी मीच लावलेली केबल, आणि कॅन्टीनमधला तो खेळ मीही खेळले होते.

पडदे बंद पडले की रिअ‍ॅक्टरवर नियम असा की भांड्यांना जाणारी वाफ तोडायची आणि दर पाच मिनिटांनी लोखंडी शिडीनं वर चढून भांड्यावरच्या काट्यावर तापमान वाचायचं. चार भांडी, माणसं दोन. काका चढत होते, उतरत होते, वरून आकडा ओरडून सांगत होते. तिसऱ्या की चौथ्या फेरीला उतरताना त्यांचा पाय सुटला. शेवटच्या सहा-सात पायऱ्या. पडताना उजवा हात खाली टेकला.

तेवढ्यात सर कुठूनसे धावत आले. त्यांनी दिवे पाहिले, आणि मला न विचारता, कपाटात न शोधता, थेट ती निळी केबल धरली आणि उपटली. दिवे शांत झाले. पडदे सुरू झाले. भांडी सुरक्षित होती. बाहेर काकांना उचलून गाडीत घालत होते आणि त्यांचं मनगट भलत्याच बाजूला वळलेलं होतं.

संध्याकाळी मॅनेजरनी बोलावलं. कपाट कुणी उघडलं? मी. केबल कुणी लावली? मी. का? मला वाटलं प्रिंटरची. "वाटलं?" ते म्हणाले. "तुम्हाला इथं वाटण्यासाठी ठेवलंय का?" माझं प्रोबेशन अजून संपलं नव्हतं. सर माझ्या शेजारी उभे होते. खाली बघत होते. तापल्या फरशीवर अनवाणी उभे असल्यासारखे एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. काही बोलले नाहीत.

मला सांगितलं, दोन दिवस घरी बसा, निर्णय कळवू.

ते दोन दिवस मी आमच्या अंगणात येरझारा घातल्या. आई म्हणाली जेव, मी म्हटलं नको. काकांचं मनगट डोळ्यापुढून हलेना. आणि एक गोष्ट आत टोचत होती, ती मला शब्दांत पकडता येत नव्हती: ती केबल आली कुठून? शनिवारी मी तेच कपाट साफ केलं होतं. तेव्हा ती नव्हती.

बुधवारी दुपारी सरांची स्कूटर दारात आली. वडील भातशेतीवरून नुकतेच आले होते. म्हणाले, "बसा ना साहेब. काय झाला? पानी आनू?" आईनं ताक दिलं. सरांनी पेला हातात घेतला आणि अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लागले. ताक सांडत होतं. मग एकदम थांबले आणि वडिलांना म्हणाले, "तुमच्या मुलीची चूक नाही. ती केबल मी टाकली होती. रविवारी, कॅन्टीनच्या छपरावरून. कुणाला न विचारता."

 सरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. त्यांनी कारखान्याला लिहिलेलं पत्र होतं. त्यातली दोन वाक्यं मला पाठ आहेत. 'केबल तिथे लोंबकळत होती कारण मी परवानगीशिवाय दुसरी लाईन टाकून एक टोक मोकळं ठेवलं होतं. तिच्यावर चिठ्ठी नव्हती कारण चिठ्ठी लावली असती तर ती कुणीतरी वाचली असती.'

"सर," मी म्हटलं, "मग दोन दिवस गप्प का बसलात?"

ते पुन्हा चालायला लागले. तुळशीपर्यंत गेले, परत आले. "पहिल्या दिवशी वाटलं, कदाचित कळणार नाही," ते म्हणाले. "काल खात्री पटली, की कळणारच नाही. मग भीती वाटली."

मी 'असू दे' म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं असं आई नंतर म्हणाली. माझ्या तोंडून आलंच नाही. सरांनी पेला ओट्यावर ठेवला, वडिलांना हात जोडले आणि गेले.

त्यांना त्याच आठवड्यात काढलं. मला ताकीद देऊन ठेवलं. त्यांचा डबा खुर्चीतून गेला आणि ती खुर्ची मला मिळाली. सहा महिन्यांनी दुसरी लाईन रीतसर आली, सोबत शहाणे स्विच, रिंग पूर्ण झाली तरी एक जागा आपोआप झोपवणारे. मॅनेजरसमोर मी स्वतः पहिली केबल उपटून दाखवली. पडदे हललेसुद्धा नाहीत. टाळ्या झाल्या. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. सरांना फोन करावा असं पुष्कळदा मनात आलं. वर्षभर केला नाही.

काकांचा हात वाकडाच जुळला. त्यांना शिडीवरून काढून स्टोअरमध्ये हलक्या कामाला बसवलं. एक दिवस रजिस्टरवर डाव्या हातानं काहीतरी गिरगटत ते मला म्हणाले, "तुझा सर येतो बरं का माझ्याकडे. दर रविवारी."

"काय करतात?"

"काय करणार? उठतो, बसतो, खिडकीत जातो, गॅलरीत जातो. जीव खातो नुसता. भाजी आणतो, पाण्याचं पिंप भरतो. बरण्यांची झाकणं उघडून ठेवतो, मला फिरवता येत नाहीत म्हणून."

"तुम्ही त्यांना काही बोललात नाही?"

"बोललो ना! पहिल्या रविवारी बोललो. तोंडाला येईल ते बोललो. आमची ही आतून बाहेर आली ऐकायला. खाली मान घालून सगळं ऐकलं त्यानं आणि गेला. म्हटलं, सुटलो. पुढच्या रविवारी परत दारात. आता किती वेळा शिव्या घालायच्या माणसाला?"

त्या संध्याकाळी मी सरांना फोन केला. त्यांनी माझी चौकशी केली नाही, मीही त्यांची केली नाही. नव्या लाईनबद्दल बोललो. कुठून घेतली, किती लांब, कुणी बसवली. ते बदलापुरात सोसायट्यांचे कॅमेरे आणि इंटरनेट जोडायची कामं करत होते. पंधरा मिनिटं बोललो असू. ठेवताना ते म्हणाले, "त्या दिवशी तुझ्या शेजारी उभा होतो ना, मॅनेजरच्या केबिनमध्ये... ते अजून संपत नाही." मी म्हटलं, "माझंही नाही." एवढंच.

काका रिटायर झाले तेव्हा कॅन्टीनमध्ये निरोप समारंभ होता. त्यांनी सरांना बोलावलं होतं. गेटवरच्या वॉचमननं मला फोन केला, "मॅडम, हे साहेब आलेत, पण यांना आत सोडायचं नाही असं लिहून ठेवलंय." मी गेले. सर इस्त्रीचा शर्ट घालून उन्हात उभे होते. मी पाहुण्यांच्या वहीत त्यांचं नाव लिहिलं, 'कोणाकडे' या रकान्यात माझं, आणि सही केली. आत येताना ते एकदाच कॅन्टीनच्या छपराकडे बघून गेले.

भाषणं झाली. मॅनेजर काकांच्या निष्ठेबद्दल बोलले, हाताबद्दल बोलले नाहीत. शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं एक भलंमोठं घड्याळ, खोक्यासकट. मॅनेजरनी ते खोकं काकांच्या हातात दिलं. काकांनी ते छातीशी धरायचा प्रयत्न केला, ते घसरलं, त्यांनी गुडघ्यावर अडवलं. दोघेतिघे पुढे धावले. काकांनी मानेनंच त्यांना नको म्हटलं. ते खोकं तसंच कसंबसं पेलत खाली उतरले, मॅनेजरच्या खुर्चीपुढून, सगळ्या रांगांमधून, शेवटच्या रांगेपर्यंत आले. सर भिंतीला टेकून उभे होते.

"धर," काका म्हणाले. "मला नाही पेलवत. घरापर्यंत तुलाच आणायचंय."

सगळं कॅन्टीन वळून बघत होतं. मॅनेजरही. सरांनी दोन्ही हात पुढे केले आणि खोकं घेतलं.

चहा झाल्यावर ते दोघं निघाले. मी गेटपर्यंत गेले. रिक्षा कोपऱ्यावरून धरायची होती. काका चार पावलं पुढे होते, सर मागे, खोक्यावरून समोरचं दिसत नसल्यामुळे चाचपडत. काका थांबले. मागे वळले नाहीत. सर शेजारी येईपर्यंत थांबले आणि मग चालू लागले.